चारशे सतरा अजून खिळ्यावर आहे

मित्रांनो, कोटाच्या बटणाहून जरासा मोठा, गोल, पितळेचा, वरच्या कडेला एक भोक आणि मधोमध ठोकलेला आकडा: ४१७. एवढंच माझं रूप. मला पाहून कोणी थबकत नाही. पण जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या खाली, वेझर नदीच्या काठावर, आमच्या कारखान्यात आमच्या जमान्यात जेवढी विमानं बनली, त्यांतलं एकही माझ्या भाऊबंदांनी होकार दिल्याशिवाय जमिनीवरून उठलेलं नाही. तुम्हाला ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. मी आता फुशारकी मारण्याच्या वयाचा झालो आहे.

माझा जन्म १९६१ सालचा. उरलेल्या पितळी पत्र्यावर प्रेसचे दणके बसत गेले आणि आम्ही सहाशे बिल्ले टोपलीत पडलो. एका कामगाराला एक बिल्ला. आमचं काम सोपं होतं. कारखान्याची खास हत्यारं स्टोअरच्या भिंतीवर टांगलेली असत, प्रत्येकाला आपापला खिळा. कामगाराने पाना नेला की त्या रिकाम्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. पाना परत आणला की बिल्ला परत. संध्याकाळी भिंतीवर पितळेचा एकही ठिपका दिसता कामा नये. दिसला, तर त्या माणसाच्या हातातलं हत्यार कुठेतरी राहिलं आहे, कदाचित विमानाच्या पोटात, आणि ते सापडेपर्यंत शेडमधलं एकही विमान बाहेर जाणार नाही. मग त्यात कोण बसणार आहे, याला काही किंमत नाही.

माझा पहिला मालक रिबिटं मारणारा एक अबोल माणूस होता. तो निवृत्त झाला आणि मी सहा वर्षं टेबलाच्या खणात पडून राहिलो. आपला आता काही उपयोग नाही, हे मी जवळजवळ मान्यच केलं होतं. मग १९७९ च्या सप्टेंबरात खण उघडला.

"हा घे," स्टोअरमध्ये त्याच महिन्यात कामाला लागलेली गेशे आलर्स म्हणाली. वय एकोणीस, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. "हा हरवलास तर मला सांगायला येऊ नकोस. सरळ घरी जा."

समोर सोळा वर्षांची वीब्के ओल्टमान्स उभी होती. बाप नदीतल्या गाळ काढणाऱ्या बोटीवर, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. त्या वर्षी सरकारने कारखान्यांना सांगितलं होतं, मुलींनाही लोखंडाचं काम शिकवून पाहा. आमच्या कारखान्याने एक मुलगी घेतली होती. ती ही.

"हरवणार नाही," वीब्के म्हणाली, आणि मला अंगरख्याच्या वरच्या खिशात टाकून तिने बटण लावलं. तिथून पुढे पस्तीस वर्षं, थोडे दिवस वगळता, मी तिच्याच जवळ होतो.

शिकाऊ कामगारांना पहिले सहा आठवडे एकच काम. लोखंडाचा एक ठोकळा व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानशीने घासून सगळ्या बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनात आणायचे. बाकी काही नाही. शेजारच्या बाकावरची मुलं पहिल्याच दिवशी सुरू झाली.

"हिला बरं जमेल. नखं घासायची सवय असेल."

"तुला पण जमेल," वीब्के मान वर न करता म्हणाली, "आधी ते घासायचं कुठल्या बाजूने, ते बघ." तिचं बरोबर होतं. त्याने कानस उलटी धरली होती.

त्यांना शिकवणारे मेस्त्री होते एन्नो हार्म्स. ते ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावत, डोळ्यांसमोर धरत आणि खिडकीच्या उजेडात बघत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढाही उजेड दिसला की ठोकळा परत. चौथ्या आठवड्यात वीब्केचा ठोकळा नवव्यांदा परत आला.

"पोरी, यातून अख्खं ब्रेमेन दिसतंय."

"मग तिकीट लावा बघायला, मेस्त्री. माझे हात मोकळे होतील तेवढे."

मेस्त्री हसले नाहीत. पण जाताना तिच्या बाकावर त्यांनी स्वतःची जुनी कानस ठेवली, आणि हे त्यांनी आधी कोणासाठीही केलेलं नव्हतं. सहाव्या आठवड्यात ठोकळ्यातून उजेड आला नाही. मेस्त्रींनी तो दोनदा फिरवून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हं." आमच्या नदीकाठी "हं" म्हणजे मोठं बक्षीस. मला खिशात राहून तिच्या छातीचे ठोके मोजता येत होते, म्हणून सांगतो, तिला ते कळलं होतं.

त्यानंतर तिला कोणी अडवू शकलं नाही. शिकाऊची कारागीर झाली. कामावरून सुटल्यावर शिकवणीला जाऊन तिने अभियांत्रिकीचा प्रवेश मिळवला, आणि सुट्ट्यांत पुन्हा बाकावर येऊन पंख जोडत राहिली. तिशी गाठण्याच्या आत ती पंखांच्या शेडची प्रमुख झाली. ज्याने कानस उलटी धरली होती, तो आता तिच्या हाताखाली होता आणि उत्तम काम करत होता. १९९३ साली मालकांनी ठरवलं की पंखांची शेड बंद करायची, काम दक्षिणेला न्यायचं. वीब्के एक जाडजूड वही घेऊन त्यांच्या बैठकीत गेली. मी खिशात होतोच.

तिने वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आमच्या शेडमधून गेल्या चार वर्षांत गेलेले पंख. एकही परत आलेला नाही. दक्षिणेच्या शेडचा असाच कागद मला दाखवा, मी आत्ता राजीनामा लिहिते."

असा कागद कोणाकडे नव्हता. शेड राहिली. पुढे ती अख्ख्या कारखान्याची व्यवस्थापक झाली, आणि २००६ मध्ये कंपनीची प्रमुख. बोटीवरच्या माणसाची मुलगी आता सहाव्या मजल्यावर बसू लागली.

खरं सांगायचं तर, तो मजला मला मानवला नाही. तिथे हत्यारं नव्हती आणि खिळेही नव्हते. मला टाचण्यांच्या डबीत जागा मिळाली. खाली स्टोअरमध्ये तर संगणक आला होता आणि सगळ्यांना प्लॅस्टिकची कार्डं मिळाली होती. माझे भाऊबंद पोत्यात भरून भट्टीत गेले. मी त्या डबीत उपेक्षित होतो, पण जिवंत होतो, आणि याबद्दल तक्रार करणं मला शोभलं नसतं. शिवाय वीब्केने गेशेला निरोप धाडला होता, "माझं कार्ड काढू नकोस. मला हत्यार लागलं तर मी बिल्लाच घेऊन येईन."

"खिळा ठेवलाय," गेशेने उलट निरोप दिला. "पण तू कसली येतेस."

ती आली. २०१४ च्या जूनमध्ये आली.

तोवर आमचा कारखाना दुसऱ्या कंपन्यांनी आखलेली विमानं आणि त्यांचे भाग बनवत असे. वीब्केने आठ वर्षं खपून आमचं स्वतःचं विमान उभं केलं होतं. एकोणीस माणसांचं, बेटांवरच्या छोट्या धावपट्ट्यांवर उतरणारं. कुरणात फिरणाऱ्या पाखरावरून त्याचं नाव ठेवलं टिटवी. सगळं काही या टिटवीवर लावलेलं होतं. ती उडाली आणि गिऱ्हाईक मिळालं तर कारखाना पुढची तीस वर्षं चालेल. नाही तर शरद ऋतूत कुलूप लागेल आणि दोन हजार माणसं घरी बसतील. हे शेडमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर विमानं चालवणाऱ्या बोर्गहिल्ड मूएन नावाच्या बाई पहिलं उड्डाण बघायला येणार होत्या. त्यांना अठरा विमानं हवी होती. पण त्यांना दुसऱ्या एका देशाचं विमानही आवडलं होतं.

आमच्याकडे नव्या विमानाचा शेवटचा स्क्रू कारखान्याच्या प्रमुखाने आवळायचा, अशी पद्धत होती. उड्डाणाच्या आदल्या दुपारी वीब्के स्टोअरच्या खिडकीशी आली. मला गेशेच्या हातावर ठेवून तिने बोटाएवढा छोटा पाना मागितला. गेशेने तो खिळ्यावरून काढला आणि मला तिथे अडकवलं. वीस वर्षांनी खिळ्यावर लटकलो, मित्रांनो. अंग कसं ताठ झालं.

स्टोअरच्या जाळीतून सगळी शेड दिसते. टिटवीच्या नाकाखाली, पुढच्या चाकाच्या खणाशी, वीब्केने शेवटचा स्क्रू आवळला. टाळ्या झाल्या. छायाचित्रकार ओरडले, "इकडे, बाई, दोन्ही हात विमानावर ठेवा." तिने दोन्ही हात ठेवले. मग तिला कोणीतरी फोनवर बोलावलं, कोणीतरी मोटारीकडे नेलं. आणि मी खिळ्यावर राहिलो.

गेशेला त्या दुपारी दात काढायला दवाखान्यात जायचं होतं. संध्याकाळी भिंत बघायला तिच्या जागी आलेल्या माणसाने संगणकावर पाहिलं. सगळी कार्डं परत आली होती. भिंतीकडे त्याने बघितलंच नाही. पितळ बघायची सवय कोणाला उरली होती?

सकाळी सहाला गेशे आली, गाल सुजलेला, आणि भिंतीसमोर उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे वीब्केला फोन लावला.

"चारशे सतरा अजून खिळ्यावर आहे," ती म्हणाली.

आठच्या सुमाराला शेडमध्ये कुजबुज पसरली होती. वीब्केचा कोट झाडून झाला, मोटार उलटीपालटी करून झाली. घरी तिच्या नवऱ्याने कचऱ्याची पेटीसुद्धा अंगणात ओतली. पाना नव्हता. विक्री विभागाचे फोल्मरसाहेब घाम पुसत खिडकीशी आले.

"गेशेबाई, पाना कुठेतरी रस्त्यात पडला असेल. मूएनबाई साडेदहाला येतायत. दुपारनंतर दोन दिवस वादळी वारा सांगितलाय. तुम्ही तेवढी 'परत आला' अशी सही करा. नवा पाना मी स्वतः आणून देतो."

"तुम्ही शंभर आणा. हा त्यातला नसेल."

"अहो, दोन हजार लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे."

"आणि वर बसणाऱ्याच्या जिवाचा?"

वर बसणारा, त्यार्क बेरेन्स, जवळच एका पेटीवर बसून हेरिंग माशाचा पाव खात होता. वैमानिक होता, पण घाई कशी ती त्याला माहीत नव्हती. "माझं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "गेशेने सही केली तर मी जातो. नाही केली तर अजून एक पाव खातो."

एवढ्यात वीब्के आली. फोल्मरसाहेब तिच्याकडे वळले. "ओल्टमान्सबाई, तुम्ही सांगा यांना. तुम्ही प्रमुख आहात. तुमच्या शब्दावर सही होईल."

सगळी शेड ऐकत होती. वीब्केने माझ्याकडे पाहिलं. खरंच सांगतो, मला भीती वाटली. माझ्या आयुष्यात मी शेकडो लहान माणसांना याच खिडकीशी थांबताना पाहिलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाची पाळी कधी आली नव्हती. तिने म्हटलं असतं तर मला कोणीही खाली उतरवलं असतं.

"गेशे," ती म्हणाली, "मी शेवटी पाना कुठे ठेवला, मला आठवत नाहीये."

"मग सही नाही."

"नाहीच करायची. विमान उघडा."

वीब्के सरळ शेडच्या मोठ्या दरवाजापाशी गेली. बाहेर पाहुणे जमत होते, वर्तमानपत्रवाले होते, मंत्रालयातले कोणी होते. ध्वनिक्षेपकावर तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"नमस्कार. टिटवी ठरल्या वेळी उडणार नाही. काल मी एक हत्यार नेलं आणि परत केलं नाही. ते विमानात असू शकतं. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. सापडेपर्यंत कॉफी आहे, सफरचंदाचा केक आहे. माफ करा."

मग ती आत आली, खुंटीवरचा कोणाचातरी निळा अंगरखा चढवला आणि टिटवीच्या पोटाखाली सरपटत गेली.

पुढचे चार तास मी जन्मात विसरणार नाही. बावन्न झाकणं उघडली. माणसं बॅटऱ्या आणि लांब दांड्याचे आरसे घेऊन आडवी झाली. सापडलं का, असं कोणी विचारत नव्हतं. बाहेर ढग जमू लागले होते, आणि फोल्मरसाहेब घड्याळ आणि आकाश यांच्याकडे आळीपाळीने बघत होते. एकदा ते गेशेला म्हणाले, "तुम्ही किती कठोर आहात हो." गेशे म्हणाली, "माझा दात दुखतोय, मी आज सौम्य आहे."

पाऊण वाजता वैमानिकाच्या आसनाखालून वीब्केचा आवाज आला. "सापडला."

छायाचित्रासाठी हात मोकळे करताना तिने तो चाकाच्या खणातल्या पट्टीवर ठेवला होता. तिथून घसरून नळीच्या भोकातून तो आत गेला आणि सुकाणूच्या दांड्याशेजारी उभा टेकून राहिला. विमान जमिनीवर असताना काही बिघडलं नसतं. हवेत पहिला हिसका बसताच तो दांड्याखाली आडवा पडला असता, आणि मग त्यार्कला पायाने सुकाणू वळवता आलं नसतं. त्यार्कने पाना हातात घेऊन पाहिला, परत दिला, आणि उरलेला पाव कागदात गुंडाळून ठेवला. त्या दिवशी त्याने तो खाल्ला नाही.

वीब्के खिडकीशी आली. अंगरख्याला वंगण लागलेलं, केस सुटलेले. तिने पाना पुढे केला. गेशेने तो पुसला, त्यावरचा नंबर वाचला, खिळ्यावर टांगला आणि मला काढून तिच्या हातावर ठेवलं. मग वहीत सही केली. वीब्केची मूठ माझ्याभोवती इतकी घट्ट होती की मला आकडा पुसला जाईल असं वाटलं.

झाकणं पुन्हा बसवायला दोन तास लागले. शेवटचा स्क्रू आला तेव्हा कोणीतरी वीब्केकडे पाना धरला. ती म्हणाली, "ज्याचं ते काम आहे त्यालाच करू दे. मी बघते." आणि स्क्रू बसेपर्यंत मागे हात बांधून तिने बघितलं.

साडेतीन वाजता वारा उठू लागला होता, पण अजून मर्यादेत होता. टिटवी धावपट्टीवर आली, पळाली, आणि अगदी थोड्या अंतरात, जणू कोणी हाताने उचलावी तशी, वर गेली. नदी ओलांडली, कुरणांवरून वळली, सूर्य पंखांवर चमकला. शेडमधली माणसं छपरांवर, शिड्यांवर, ट्रकांवर चढली होती. ज्या माणसाने पस्तीस वर्षांपूर्वी कानस उलटी धरली होती तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता. मी मुठीत होतो. बोटांच्या फटीतून मी ते सगळं पाहिलं. माझ्या जन्माचं सार्थक झालं, असं मला वाटलं, आणि हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो आहे.

विमान उतरल्यावर मूएनबाई चालत आल्या. सहा फूट उंच, साठी उलटलेल्या, वाऱ्याने लाल झालेल्या. फोल्मरसाहेब पाच तासांच्या उशिराबद्दल माफी मागू लागले. मूएनबाईंनी हात वर केला.

"मी यंदा चार कारखान्यांत गेले," त्या वीब्केला म्हणाल्या. "सगळ्यांनी मला विमान वेळेवर उडवून दाखवलं. थांबवून कोणी दाखवलं नव्हतं. आमच्याकडे धुक्यात बेटावर उतरावं लागतं, बाई. मला अठरा द्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तो केक अजून आहे का?"

अशी कारखान्याची तीस वर्षं पक्की झाली. त्या रात्री सगळं गाव झोपलं की नाही, मला माहीत नाही. पण माझी गोष्ट तिथे संपत नाही. माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा क्षण सोमवारी सकाळी आला.

आमच्या कारखान्यात नियम आहे. ज्याचं हत्यार विमानात राहिलं, त्याने पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर लाकडी खोक्यावर उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, काय राहिलं, कुठे, आणि का. कोणी त्याला बोल लावायचा नाही. फक्त ऐकायचं. शेडच्या फळ्यावर सोमवारच्या तारखेखाली गेशेने खडूने नाव लिहून ठेवलं होतं: ओल्टमान्स. फोल्मरसाहेबांनी ते पुसायला सांगितलं होतं, आता काय राहिलंय त्यात, असं म्हणून. गेशेने पुसलं नाही.

सहा वाजता वीब्के आली आणि खोक्यावर चढली. समोर चारशे माणसं.

"छोटा पाना," ती म्हणाली. "पुढच्या चाकाच्या खणात. मी कॅमेऱ्याकडे बघत होते, हाताकडे नाही. आणि मला वाटलं, माझ्यामागे कोणीतरी उचलेल. सहाव्या मजल्यावर गेल्यापासून माझ्यामागे नेहमी कोणीतरी उचलत आलंय. ते मी विसरून गेले होते. एवढंच."

ती खाली उतरायला वळली. मग कुठल्यातरी बाकावर कोणीतरी बोटांच्या पेरांनी ठोकलं, टक टक. आमच्याकडे मनापासूनचा मान द्यायचा असला की टाळ्या वाजवत नाहीत, टेबल ठोकतात. दुसऱ्याने ठोकलं, दहाव्याने, शंभराव्याने, लोखंडी बाकांवर, पेट्यांवर, खांबांवर, आणि शेवटी चारशे मुठींचा तो आवाज छपराला लागून खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. स्टोअरच्या खिडकीत गेशे उभी होती. तीही ठोकत होती. खिळ्यांवरची सगळी हत्यारं एकदम वाजू लागली होती.

मित्रांनो, मी पितळेचा आहे, मला उपदेश करता येत नाही. पण विनंती करतो. नेलेली वस्तू जागेवर ठेवा. आणि कधी विसरलात, तर कितीही वरच्या मजल्यावर असलात तरी खाली या आणि मोठ्याने सांगा. तुम्ही सांगाल या भरवशावर कोणीतरी निर्धास्तपणे आकाशात बसलेलं असतं.